गुडघ्याचा कृत्रिम सांधा हाडात कसा रुजतो?

सपाट जमिनीवर चालताना माणसाच्या गुडघ्यावर येणारा दाब त्याच्या वजनाच्या सुमारे अडीच पट असतो; जिना उतरताना तो तिपटीच्याही वर जातो. संधिवाताने सांध्यातील कूर्चा झिजली, म्हणजे हा भार असह्य होतो. अशा वेळी शस्त्रवैद्य हाडांची झिजलेली टोके कापून तेथे धातूचे भाग बसवितात व त्यांच्यामध्ये पॉलिएथिलीनची चकती ठेवितात. परंतु हे धातूचे भाग सजीव हाडाला वर्षानुवर्षे धरून राहावेत कसे?

इंग्लंडमधील शस्त्रवैद्य जॉन चार्नली यांनी १९५८ च्या सुमारास खुब्याच्या सांध्यासाठी ॲक्रिलिक सिमेंट वापरले. पुढे तेच गुडघ्यासाठीही उपयोगात आले. हे सिमेंट डिंकासारखे चिकटत नाही. चौकट आणि भिंत यांच्यामधील फटीत चुना भरावा, त्याप्रमाणे ते हाडाच्या छिद्रांत शिरून घट्ट होते. वृद्ध रुग्णांत ही पद्धत उत्तम टिकते.

तरुणांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यापुढे अनेक वर्षांचे आयुष्य असते आणि त्यांची हालचालही अधिक असते. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासानुसार, सत्तरीनंतर गुडघा बदललेल्यांना पुढील आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव सुमारे ५ टक्के होता. पन्नाशीच्या आरंभी बदललेल्या पुरुषांत तो सुमारे ३५ टक्के होता. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून अवघड असते, कारण तेव्हा हाड कमी उरलेले असते.

हाड सतत झिजते व नव्याने घडते. सिमेंटला मात्र हा गुण नाही. म्हणून हाडालाच धातूत रुजू द्यावे, असा विचार पुढे आला. टायटॅनियमशी हाड एकजीव होते, हे स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांनी दाखवून दिले होते. त्यानुसार धातूचा पृष्ठभाग सच्छिद्र करितात. पण त्यास एक अट आहे. आरंभीच्या काळात धातू व हाड यांच्यामधील हालचाल मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाहून अधिक होऊ नये. ती फार वाढली, तर हाडाऐवजी मऊ तंतुमय ऊती वाढते आणि सांधा सैल होतो. १९८० नंतरच्या दशकातील सिमेंटविरहित सांध्यांपैकी अनेक अपयशी ठरले. स्क्रूच्या छिद्रांवाटे पॉलिएथिलीनचे सूक्ष्म कण हाडात शिरत. त्यांना नष्ट करू पाहणाऱ्या पेशींमुळे हाडच पोखरले जाई. आताची चकती अधिक टिकाऊ असून सच्छिद्र पृष्ठभागही सुधारले आहेत.

हाडात टँटलमचे बारीक मणी बसवून क्ष-किरणांच्या साहाय्याने सांध्याचे सरकणे मोजता येते. पहिल्या वर्षभरात थोडा सरकून जो सांधा स्थिरावतो, तो दीर्घकाळ टिकण्याची आशा धरता येते. सिमेंटचा अनुभव दीर्घ व विश्वसनीय आहे. रुजलेल्या हाडाचे बळ आशादायक आहे. तरुण रुग्णासाठी निवड करताना वैद्याला हाडाची प्रत, वजन व व्यवसाय ही सर्व विचारात घ्यावी लागतात. अखेरचा कौल मात्र काळच देतो.