भाड्यातील सवलत आणि प्रवासाचा हक्क

१९ फेब्रुवारी २०१२ रोजी कोलकात्याहून गोव्याला जाणाऱ्या विमानात जीजा घोष आपल्या जागेवर बसल्या होत्या. दिव्यांगांच्या प्रश्नांवरील एका आंतरराष्ट्रीय परिषदेचे त्यांना निमंत्रण होते. परिषदेची यजमान होती मुंबईची ‘अडॅप्ट’ ही संस्था, म्हणजेच १९७२ मध्ये डॉ. मिठू अलूर यांनी स्थापन केलेली पूर्वीची स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया. घोष यांना सेरेब्रल पाल्सी आहे. विमान सुटण्यापूर्वी कर्मचारी त्यांच्याजवळ आले, त्यांनी बोर्डिंग पास मागून घेतला आणि घोष यांना खाली उतरवले. परिषद त्यांच्याविनाच पार पडली. घोष आणि अडॅप्ट यांनी न्यायालयात दाद मागितली. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पाइसजेट कंपनीला दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. दिव्यांग व्यक्तीला दयेची नव्हे, समान प्रतिष्ठेची वागणूक मिळाली पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा होता.

या प्रकरणात तिकीट रीतसर होते, जागा राखीव होती; वाद भाड्याचा नव्हताच. तरीही आपल्याकडे अंध आणि अन्य दिव्यांगांच्या विमानप्रवासाची चर्चा सुरू झाली, की ती भाड्यात किती टक्के सूट मिळते या प्रश्नापाशी येऊन थांबते. सवलत आणि हक्क यांची ही गल्लत आपल्या धोरणात खोलवर मुरलेली आहे.

मी इतिहासाचा विद्यार्थी. पुढे आयुष्य राजस्थानच्या प्रशासनात गेले, पण जुन्या दप्तरांची ओढ सुटली नाही. राजपुतान्यातील संस्थानांच्या कागदपत्रांत ‘माफी’ जमिनींचे उल्लेख वारंवार येतात. मंदिराला, विद्वानाला, एखाद्या आश्रिताला सारामाफीची जमीन मिळे. महाराष्ट्रातील वाचकांना इनाम म्हटले की हा प्रकार लगेच लक्षात येईल. माफीचा स्वभाव असा, की ती देणाऱ्याच्या मर्जीवर टिकते. गादीवरचा माणूस बदलला, तिजोरीला ओढ लागली, की माफी खालसा होते, आणि ज्याची जाते त्याला तक्रार करण्याचा आधार उरत नाही.

विमान भाड्यातील सवलतीची गोष्ट हीच आहे. १९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढची चार दशके देशांतर्गत आकाश सरकारी कंपनीच्या ताब्यात राहिले. अंध प्रवाशांना आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक अस्थिव्यंग असलेल्यांना मूळ भाड्यात निम्मी सूट ही त्या सरकारी व्यवस्थेची देणगी होती. १९९४ मध्ये मक्तेदारीचा कायदा रद्द झाला, खासगी कंपन्या आल्या. आज भाडे ठरवण्याचा अधिकार कंपन्यांचा आहे आणि दिव्यांगांना सूट देण्याचे कायदेशीर बंधन त्यांच्यावर नाही. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर ज्येष्ठ नागरिक व विद्यार्थी यांची सवलत पन्नास टक्क्यांवरून पंचवीसवर आली. व्यापारी हिशेबाने त्यात वावगे काही नसेल. पण सवलत म्हणजे माफी, हे त्यातून स्पष्ट झाले.

शिवाय या सुटीचे मोलही आता घटले आहे. एकाच विमानातील एकाच रांगेतील जागा आज अनेक दरांनी विकली जाते. समजा, दहा हजारांच्या दरावर निम्मी सूट मिळाली आणि शेजारची जागा कोणी महिनाभर आधी चार हजारांना घेतलेली असली, तर सवलतीचा लाभार्थीच अधिक पैसे मोजतो. सूट मूळ भाड्यावर असते. विमानतळाचे शुल्क आणि इतर आकारणी वेगळीच. रेल्वेची स्थिती त्या मानाने बरी. मार्च २०२० मध्ये रेल्वेने बहुतेक सवलती बंद केल्या, तेव्हा दिव्यांग, काही आजारांचे रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या सवलती मात्र राखल्या. पूर्णतः अंध प्रवाशाला शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात पंचाहत्तर टक्के सूट मिळते आणि सोबत्यालाही तेवढीच मिळते. सोबतीची गरज ही प्रवासाच्या खर्चाचाच भाग आहे, हे तिथे मान्य झालेले आहे.

आता मदतीच्या व्यवस्थेकडे वळू. नियम कागदावर वाईट नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे ‘डीजीसीए’ने, २००८ पासून यासंबंधी नियमावली केली असून ती वेळोवेळी सुधारली आहे. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणाने प्रवास नाकारता येत नाही. प्रवाशाने गरज आगाऊ कळवावी आणि कंपनीने निर्गमन इमारतीपासून विमानापर्यंत व उतरल्यावर बाहेरच्या दारापर्यंत विनामूल्य मदत द्यावी, अशी तरतूद आहे. मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर इंडिगोने एका दिव्यांग मुलाला विमानात घेतले नाही, तेव्हा डीजीसीएने पाच लाखांचा दंड केला. त्यानंतर जुलैमध्ये नियमात दुरुस्ती झाली. प्रवाशाची प्रकृती उड्डाणात बिघडेल अशी शंका आली, तर डॉक्टरने प्रत्यक्ष तपासणी करून मत द्यावे आणि मग कंपनीने निर्णय घ्यावा, असे ठरले. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याच्या अंदाजापेक्षा हे निश्चितच चांगले. परंतु शेवटचा शब्द अजून कंपनीचाच आहे.

नियम आणि अनुभव यांच्यातले अंतर मला एका मित्राने दाखवले. तो निवृत्त प्राध्यापक, जन्मांध. दोन वर्षांपूर्वी तो जयपूरहून एकटाच एका परिसंवादाला गेला. त्याची मागणी साधी होती : कोणीतरी हाताचा कोपर धरू द्यावा आणि दारापर्यंत चालावे. उतरल्यावर त्याच्यासमोर व्हीलचेअर आणली गेली. “माझे पाय ठीक आहेत,” असे त्याने सांगून पाहिले. “सर, नियम आहे,” असे उत्तर मिळाले. खुर्चीत बसवून त्याला एका कोपऱ्यात नेऊन ठेवले आणि कर्मचारी दुसऱ्या प्रवाशाकडे गेला. पाऊण तास तो तिथे होता. काठी सामानाबरोबर पुढे गेली होती, भोवतालची दिशा कळत नव्हती, म्हणून उठून चालण्याची सोय नव्हती. तो मला म्हणाला, “आंधळा तर मी जन्मापासून आहे, पांगळा त्या दिवशी झालो.” आता तो पत्नीला सोबत घेतल्याशिवाय विमानात बसत नाही. त्याच्या प्रत्येक प्रवासाला दोन तिकिटे लागतात.

वास्तविक विमान कंपन्यांच्या आरक्षण पद्धतीत अंध प्रवासी, चालू शकणारा पण जिने न चढणारा प्रवासी आणि आसनापर्यंत उचलून न्यावा लागणारा प्रवासी यांच्यासाठी वेगवेगळे संकेत असतात. तिकिटावर संकेत बरोबर पडतो. विमानतळावर पोहोचेपर्यंत सगळ्यांची एकच व्हीलचेअर होते. गरज नसताना रांग चुकवण्यासाठी खुर्ची मागणारे धडधाकट प्रवासीही या गोंधळात भर घालतात, हे मान्य केले पाहिजे. याची किंमत कधी फार मोठी असते. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या ऐंशी वर्षांच्या प्रवाशाने पत्नीबरोबर चालत जाण्याचा निर्णय घेतला, कारण दोघांसाठी एकच व्हीलचेअर हाती आली होती. दुसरीसाठी थांबण्यास सांगितले होते, असे एअर इंडियाचे म्हणणे होते. इमिग्रेशनपाशी तो कोसळला आणि मरण पावला. डीजीसीएने कंपनीला तीस लाखांचा दंड केला.

जयपूरला या विषयाचा एक वेगळा धागा आहे. १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी याच शहरात जयपूर फूट घडवला. १९७५ मध्ये डी. आर. मेहता या सनदी अधिकाऱ्याने स्थापलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो लक्षावधी लोकांपर्यंत नेला. मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी पंतप्रधानांना उद्देशून एक चित्रफीत प्रसिद्ध केली : प्रत्येक विमानतळावर सुरक्षा तपासणीत कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, याची ती कळकळीची तक्रार होती. सीआयएसएफने दिलगिरी व्यक्त केली. ज्या पायाने माणसाला चालते केले, तो रांगेत सर्वांसमोर काढायला लावला जात असेल, तर भाड्यातील सुटीने त्याची भरपाई होणार नाही.

मग करावे काय? कायदा पुरेसा स्पष्ट आहे. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ मध्ये विमानतळांच्या सुगम्यतेबरोबरच परवडणाऱ्या खर्चात व्यक्तिगत संचारासाठी योजना आखण्याचे दायित्व शासनावर टाकले आहे, आणि त्या योजनांत सवलती व व्यक्तिगत साहाय्य यांचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे हा भार कंपनीच्या औदार्यावर सोडण्याचा नाहीच.

कॅनडाने २००८ मध्ये ‘एक प्रवासी, एक भाडे’ हे तत्त्व स्वीकारले. ज्याला सोबत्याविना प्रवास अशक्य आहे, त्याच्या सोबत्याचे देशांतर्गत भाडे घेता येणार नाही, असा तिथल्या वाहतूक प्राधिकरणाचा निर्णय होता. कंपन्यांनी दिवाळे निघण्याची भीती दाखवली. प्राधिकरणाने हिशेब मांडला, तो एअर कॅनडासाठी तिकिटामागे सुमारे ७७ सेंटचा निघाला. आपल्याकडे २०२४ मध्ये देशांतर्गत प्रवाशांची संख्या सुमारे १६ कोटी होती. तिकिटामागे दोन रुपये धरले तरी वर्षाला ३२ कोटी जमतात. पाच हजार रुपयांचे सरासरी भाडे गृहीत धरले, तर सोबत्यांच्या ६४ हजार जागांचा खर्च त्यातून निघतो. लहान शहरांच्या ‘उडान’ योजनेसाठी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकारणी करण्याचा पायंडा आपण घातलेलाच आहे.

दुसरी गरज एकाच उत्तरदायी यंत्रणेची. युरोपीय संघाने २००६ च्या नियमाने मदतीची जबाबदारी विमानतळ चालवणाऱ्या संस्थेवर टाकली आणि खर्च सर्व विमान कंपन्यांत प्रवासीसंख्येनुसार वाटला. आपल्याकडे कंपनी विमानतळाकडे बोट दाखवते, विमानतळ कंत्राटदाराकडे, आणि प्रवासी खुर्चीत बसून राहतो. तिसरी गरज प्रशिक्षणाची : अंध माणसाला आधी विचारावे, मग आपला कोपर द्यावा, एवढे शिकवायला अर्धा तास पुरतो.

हे लिहिताना एक कबुली द्यायला हवी. सेवेत असताना दिव्यांगांच्या सोबत्याला प्रवासखर्च देण्याचा एक प्रस्ताव माझ्या मेजावर आला होता. ‘तरतूद उपलब्ध नाही, यथावकाश विचार करता येईल,’ असा शेरा मारून मी तो परत पाठवला. भाषा निर्दोष होती, निर्णय नियमात बसणारा होता. तो यथावकाश माझ्या निवृत्तीपर्यंत आला नाही. मित्राच्या पत्नीच्या तिकिटाचा विषय निघाला, की मला तो शेरा आठवतो. आज असाच प्रस्ताव ज्यांच्या मेजावर असेल, त्यांनी तो परत पाठवण्यापूर्वी कलम ४१ एकदा वाचावे.