वाऱ्यात टिकणारे पाल

वैशाखात कोऱ्हाळे बुद्रुकच्या शिवारात कांद्याच्या राखणीला एखादा गडी पाल ठोकून राहतो. संध्याकाळी वळवाचा वारा सुटतो आणि पाल उडून जाते. असे का होते?

वारा तोंडातून आत शिरतो व छताला खालून उचलतो. म्हणून चार गोष्टी ध्यानात धरा.

जागा : बांधाचा आडोसा बघा. ओढ्यात नको, झाडाखालीही नको. फांदी मोडते, वीज पडते.

उंची : बसता येईल एवढीच ठेवा. उंच पालाला वारा जास्त लागतो.

तोंड : पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून तोंड पूर्वेला करा. वळवाचा वारा मात्र कुठूनही येतो. तोंडाला पडदा हवाच.

खुंट्या : हातभर लांब घ्या. सरळ ठोकू नका. डोके पालापासून बाहेर कललेले ठेवा, म्हणजे दोराच्या ओढीने खुंटी उपसत नाही. भुई मऊ असली तर वर जड दगड ठेवा. चारी बाजूंनी दोर सारखा ताणा.

आणि मंडळी, आभाळ गडगडू लागले की पाल सोडून पक्क्या घरात जा. पाल वाऱ्याला तोंड देईल, विजेला नाही. कांदा पुन्हा पिकेल, गेलेला माणूस परत येत नाही.