असमानतेच्या गणितात चिन्ह नेमकं कधी उलटतं?

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात पुस्तकं घ्यायला गेलात तर सीईटी, जेईई आणि बँक भरती, तिन्हींची गाईडं एकाच फेरीत मिळतात. परीक्षा वेगळ्या, पण तिन्हींच्या तयारीत असमानता भेटतेच. असमानता म्हणजे बरोबरच्या जागी < किंवा > असलेलं गणित. समीकरणं झरझर सोडवणारी पोरंही इथे मार्क घालवतात, कारण चुकून येणारं उत्तर पर्यायांमध्ये बऱ्याचदा तयारच असतं.

आता हे बघा: −३क्ष + ४ > १०. (पेपरात एक्स असतो, आपण क्ष म्हणू.) ४ पलीकडे नेले की −३क्ष > ६. मग −३ ने भागून घाईत लिहिलं जातं क्ष > −२. बरोबर उत्तर आहे क्ष < −२.

ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की चिन्ह उलटतं, हा नियम पाठ असतो. पण का उलटतं? उधारीचा विचार करा. एकाच्या खिशात २ रुपये आणि दुसऱ्याच्या ५ रुपये असतील तर ५ वाला वरचढ. पण हेच आकडे किराणा दुकानातल्या उधारीचे असतील तर २ वाला बरा. म्हणून २ < ५, पण −२ > −५. आकडे तेच, फक्त बाजू बदलली.

इथवर सोपं आहे. खरी गोची होते ती ६/क्ष < ३ अशा गणितात. दोन्हीकडे क्षने गुणलं, ६ < ३क्ष आलं, म्हणजे क्ष > २. झालं? आता क्ष = −१ ठेवा. ६ भागिले −१ म्हणजे −६, आणि ते ३ पेक्षा लहानच आहे. म्हणजे −१ हेसुद्धा उत्तर आहे, आणि आपण ते गाळलं. क्ष धन आहे की ऋण हे माहीत नसताना त्याने गुणलं, चूक तिथे झाली. क्ष ऋण असेल तर डावी बाजू ऋणच राहणार, आणि ती ३ पेक्षा लहान असणारच. पूर्ण उत्तर: क्ष < ० किंवा क्ष > २.

एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. तेवढ्यात पडताळा घ्यायचा तर संख्या विचार करून निवडा. वरच्या गणितात क्ष = ५ ठेवून काहीच कळत नाही, ती दोन्ही उत्तरांत बसते. −१ मात्र एकात बसते, दुसऱ्यात नाही. पर्याय जिथे एकमेकांपासून वेगळे होतात तिथली संख्या घ्यायची.

वर्ग असलेल्या गणितात आधी गुणावयव पाडा. क्ष² − ५क्ष + ६ < ० म्हणजे (क्ष − २)(क्ष − ३) < ०. गुणाकार ऋण यायला एक धन आणि एक ऋण हवा, तो फक्त २ आणि ३ च्या मध्ये मिळतो.

बँकेच्या पेपरात दोन समीकरणं देऊन क्ष आणि य यांचा संबंध विचारतात. क्ष² − ७क्ष + १२ = ० वरून क्ष ३ किंवा ४. य² − ९य + २० = ० वरून य ४ किंवा ५. पटकन क्ष < य वाटतं, पण दोन्ही ४ असू शकतात, म्हणून क्ष ≤ य. तसंच क्ष² = १६ असेल तर क्ष ४ किंवा −४, पण य = √१६ असेल तर य फक्त ४.

बँकेच्या पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात आणि जेईई मेनमध्ये ४ मार्कांच्या प्रश्नाला १. सीईटीत मात्र मार्क कापत नाहीत, त्यामुळे दोन पर्यायांत अडकलात तरी प्रश्न कोरा सोडू नका.