संकेतस्थळ उघडत नसल्यास प्रथम दोष कोठे आहे ते शोधावे

महाडीबीटीवरील योजनांचे अर्ज, पीक विमा, सातबारा इत्यादी कामे आता संकेतस्थळांवरून होतात. मुदत संपत आली असता संकेतस्थळ न उघडल्यास ‘सरकारी यंत्रच बंद आहे’ अशी समजूत करून शेतकरी स्वस्थ बसतो व लाभास मुकतो. वास्तविक दोष पुष्कळदा आपल्याच जोडणीत असतो. वसई तालुक्यात शेती असून तुळिंजसारख्या दाट वस्तीत राहणाऱ्या कुटुंबांनी, तसेच ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी, पुढील माहिती ध्यानात ठेवावी.

राउटर व फायरवॉल म्हणजे काय?

पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यांत वाटावे, तशी बाहेरून आलेली एक जोडणी राउटर घरातील सर्व उपकरणांस वाटून देतो. फायरवॉलचे काम खारबांधाच्या उघाडीसारखे आहे. उघाडीची झडप भरतीचे खारे पाणी आत येऊ देत नाही, परंतु ओहोटीस शेतातील पाणी बाहेर जाऊ देते. फायरवॉलही बाहेरील अनाहूत मागणी अडविते व आपण मागितलेली माहिती आत घेते. मात्र झडप अडकली म्हणजे शेतात पाणी तुंबते. त्याचप्रमाणे फायरवॉलची मांडणी चुकल्यास उपयुक्त संकेतस्थळही अडते.

तपासणीचा क्रम

१. मोबाईलचे वायफाय बंद करून त्याच्या स्वतःच्या डेटावर तेच संकेतस्थळ उघडावे. तेथेही न उघडल्यास दोष बहुधा संकेतस्थळाकडे असतो. काही वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. उघडल्यास दोष आपल्या जोडणीत आहे. मुदत जवळ असल्यास अर्ज मोबाईलवरूनच भरावा व दुरुस्ती मागाहून करावी.

२. घरच्या जोडणीवर कोणतेच संकेतस्थळ उघडत नसल्यास राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावा. तरीही न उघडल्यास सेवा पुरविणाऱ्यास कळवावे.

३. एकाच संगणकावर अडचण असल्यास त्याची तारीख व वेळ पाहावी. ती चुकीची असल्यास संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र अमान्य ठरते. व्हीपीएन चालू असल्यास बंद करावे.

४. सर्व उपकरणांवर एकच संकेतस्थळ अडत असल्यास राउटरची मांडणी उघडावी. तिचा पत्ता राउटरच्या तळाशी छापलेला असतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. तेथे पालक-नियंत्रण व रोखलेल्या पत्त्यांची यादी तपासावी. फायरवॉल ‘उच्च’ पातळीवर असल्यास ‘मध्यम’ करून पाहावी.

५. यानेही काम न झाल्यास डीएनएस तपासावे. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधणारी ही व्यवस्था होय. तेथे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा पत्ता घालून पाहावा.

घ्यावयाची दक्षता

बदलापूर्वी मूळ मांडणीचे छायाचित्र घ्यावे व एका वेळी एकच बदल करावा. राउटरचे ‘रीसेट’ बटण दाबू नये. त्यामुळे सेवा पुरविणाऱ्याने घातलेली माहितीही पुसली जाते. फायरवॉल कायमची बंद ठेवू नये. तसे करणे म्हणजे भरतीच्या वेळी उघाडी मोकळी सोडणे होय. दूरध्वनीवरून कोणी अनोळखी व्यक्तीने तसे सांगितल्यास किंवा ओटीपी मागितल्यास मानू नये.

कार्यकर्त्यांनी ही तपासणी मुदतीच्या किमान आठ दिवस आधी करावी व पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा लिहून ठेवावा, म्हणजे दुरुस्ती लवकर होऊन शेतकऱ्यांचे अर्ज वेळेत दाखल होतील.