पगाराचे पैसे कोण देणार?

ख्रिस्ती दवाखान्यांकडे पैसा कसा येत गेला हे पाहायचं तर सुरुवात आयर्लंडमधल्या एका घरगुती बैठकीपासून करावी लागते. अंबाल्याच्या मिशन शाळेत शिकवणारे वेलस्ली बेली १८७४ साली डब्लिनजवळच्या मंकस्टाऊनमध्ये होते. पंजाबात पाहिलेल्या कुष्ठरुग्णांविषयी ते तिथल्या स्नेह्यांपुढे बोलले. ऐकणाऱ्या पिम भगिनींनी वर्षाला ३० पौंड जमवून द्यायचं कबूल केलं आणि पहिल्याच वर्षी जवळपास ६०० पौंड गोळा झाले. आज अमरावती जिल्ह्यातल्या कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचं जे रुग्णालय आहे, ते चालवणाऱ्या लेप्रसी मिशनचा उगम हा. पुढे १९१३ मध्ये कॅन्ससमधल्या विल्बर चॅपमन नावाच्या मुलानं पाळलेलं डुक्कर विकून आलेले २५ डॉलर कुष्ठरोग्यांसाठी पाठवले, आणि अमेरिकेत डुकराच्या आकाराचे गल्ले घेऊन मुलं याच कामासाठी पैसे साठवू लागली.

त्या काळात अर्ज, प्रस्ताव, अंदाजपत्रक असलं काही नव्हतं. मिशनरी रजेवर मायदेशी जायचा आणि चर्चमागून चर्च फिरत बोलायचा. बोलणं जमलं की दवाखाना उभा राहायचा. यात एक गोम होती, आणि ती आजतागायत गेलेली नाही. ऐकणाऱ्याचं मन पाघळतं ते इमारतीसाठी, खाटेसाठी, एखाद्या रुग्णाच्या गोष्टीसाठी. परिचारिकेच्या महिन्याच्या पगारासाठी कुणी डोळे पुसत नाही.

मिरजेचंच पाहा. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचं रुग्णालय उघडलं. जागा मिळाली संस्थानिक पटवर्धनांकडून, इमारतीचे पैसे फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांच्याकडून. कॉन्व्हर्स बाल्डविन या रेल्वे इंजिनांच्या कारखान्याचे धनी. रुग्णही मिरज जंक्शनमुळे आगगाडीनं लांबलांबून येत. म्हणजे रेल्वेचं या रुग्णालयावर दोन्हीकडून ऋण! वॉनलेस यांच्या हाताला यश होतं, त्यांना सर हा किताबही मिळाला, आणि शस्त्रक्रियेसाठी मिरज ही खूण दक्षिण महाराष्ट्रात पक्की झाली. पण परदेशी मिशन हळूहळू मागे सरल्यावर एवढा मोठा पसारा सांभाळायचा कुणी, हा प्रश्न उरलाच. अलीकडच्या वर्षांत हे रुग्णालय आर्थिक अडचणीत सापडलं, तेव्हा मिरजकरांना धक्का बसला. मला त्यात आश्चर्याचं फारसं काही वाटलं नाही. दात्यांनी दिलेली इमारत शंभर वर्षं टिकते. तिच्या छपराच्या डागडुजीसाठी कोण देणार, हे देणगीच्या पत्रात लिहिलेलं नसतं.

वेल्लोरची कथा वेगळी, म्हणून तिथे थोडं थांबायला हवं. आयडा स्कडर डॉक्टर होऊन परतण्याआधी त्यांना रुग्णालयासाठी ८,००० डॉलर जमवायला सांगितलं होतं. शेल नावाच्या न्यूयॉर्कच्या बँकरनं दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ एकहाती १०,००० दिले आणि १९०२ मध्ये रुग्णालय सुरू झालं. १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा निघाली. त्यानंतर आलं रॉकफेलर घराण्याच्या निधीचं आमिष. आशियातल्या सात स्त्री-महाविद्यालयांसाठी १० लाख डॉलर मिळतील, पण अट अशी की २० लाख आधी लोकांकडून जमवायचे. ल्युसी पीबडी यांच्या पुढाकारानं अमेरिकेतल्या चर्चच्या बायकांनी ते १९२३ पर्यंत जमवून दाखवले. आज ज्याला मॅचिंग ग्रँट म्हणतात आणि जी जणू कालच सापडली असल्यासारखी कार्यशाळांतून शिकवली जाते, ती युक्ती आपल्याकडच्या मिशन रुग्णालयांना शंभर वर्षांपूर्वी पाठ झाली होती.

या पैशाची दुसरी बाजू १९४० च्या आसपास दिसली. मद्रास सरकारनं पदविका बंद करून विद्यापीठाच्या पदवीचा आग्रह धरला. त्यासाठी अध्यापक, प्रयोगशाळा, खाटा, सगळंच वाढवायला हवं होतं आणि तेवढे पैसे नव्हते. वाट एकच होती: पुरुषांनाही प्रवेश द्यायचा आणि जास्त मिशन मंडळांचं पाठबळ मिळवायचं. पण देणग्या जमल्या होत्या बायकांच्या कॉलेजसाठी, बायकांकडून. पीबडींना हा बदल म्हणजे दात्यांचा विश्वासघात वाटला. सत्तरीच्या आयडा स्कडर अमेरिकेत पुन्हा दारोदार फिरल्या आणि शेवटी सहशिक्षणाच्या बाजूनं उभ्या राहिल्या. १९४७ मध्ये मुलगे आले. दात्याचा हेतू मोठा की संस्थेची गरज, या वादात मला पीबडींचं म्हणणं अगदीच चूक वाटत नाही. पण त्यांचं ऐकलं असतं तर आज कॉलेज नसतं. तिथं नंतर एक शहाणपण रुजलं. रोजचा खर्च रुग्णांच्या शुल्कातून भागवायचा, देणगी गरिबांच्या उपचारांना आणि नव्या कामाला. महाराष्ट्रातून वेल्लोरची गाडी पकडणाऱ्या रुग्णांना याची कल्पना नसेल, पण शेजारच्या खाटेवरच्या गरिबाच्या उपचारांत त्यांच्या बिलाचाही वाटा असतो.

स्वातंत्र्यानंतर पैशाचा उगम बदलला. रविवारच्या देणगीपेटीची जागा युरोपातल्या चर्चच्या संस्थांनी घेतली. मिझेरिओर १९५८ मध्ये, ब्रोट फ्युर दि वेल्ट १९५९ मध्ये सुरू झाल्या. १९६८ मध्ये जागतिक चर्च परिषदेनं ख्रिश्चन मेडिकल कमिशन नेमलं, आणि त्यांनी अवघड प्रश्न विचारायला सुरुवात केली: रुग्णालयावर एवढा खर्च होतो, पण त्याच्या भिंतीबाहेरच्या गावाचं आजारपण कमी होतं का? त्याच सुमारास रजनीकांत आणि मेबल आरोळे हे वेल्लोरचेच विद्यार्थी, वडाळा मिशन रुग्णालयात काम करून, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकत होते. त्यांनी जो आराखडा मांडला त्यामागे कमिशन उभं राहिलं. १९७० मध्ये जामखेडला काम सुरू झालं, ते जनावरांच्या जुन्या दवाखान्यात.

अनुदानाच्या इतिहासात मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. पैसा आला होता आरोग्यासाठी. लोक म्हणाले, आधी पाणी आणि भाकरी. १९७२ चा दुष्काळ समोर होता. आरोळे दांपत्यानं विंधन विहिरी आणि मुलांचं जेवण हेच आरोग्याचं काम मानलं, आणि देणाऱ्यांनी ते चालवून घेतलं. पुढे गावातल्या निरक्षर, बहुतेक दलित बायका आरोग्यसेविका झाल्या. १९७५ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं, १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. आजच्या प्रस्तावांच्या तक्त्यात, जिथे प्रत्येक रुपयाला तीन वर्षं आधी निष्पत्ती लिहून द्यावी लागते, ‘लोकांनी सांगितलं म्हणून विहीर खणली’ हे कुठल्या रकान्यात बसवणार?

मग आला कायदा. परकी देणग्यांवरचा पहिला कायदा १९७६ चा, आणीबाणीतला. २०१० मध्ये त्याच्या जागी नवा आला आणि नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करणं भाग झालं. २०२० च्या दुरुस्तीनं खरी नस दाबली. परदेशी पैसा फक्त स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेत घेण्याची सक्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेनं दुसरीला पैसे पुढे देण्यावर बंदी आली. छोट्या रुग्णालयांना शेवटची अट सगळ्यात जाचली. कारण आदिवासी भागातल्या तीस-चाळीस खाटांच्या दवाखान्याला जर्मनीतल्या संस्थेशी पत्रव्यवहार कुठे जमतो? दिल्लीतली किंवा मुंबईतली मोठी संस्था अर्ज करायची, हिशेब ठेवायची आणि पैसे खाली पाठवायची. ती साखळीच तुटली. २०२४ मध्ये तर ‘कासा’सारख्या जुन्या चर्च-संस्थेची नोंदणीच रद्द झाली. परकी पैशावर सरकारनं नजर ठेवावी हे मला मान्य आहे. हिशेब न देणाऱ्या संस्थांची आपल्याकडे वाण नाही. पण चोर पकडायच्या जाळ्यात सुईण अडकावी हे काही बरं नव्हे.

पर्याय म्हणून सगळे बोट दाखवतात ते सीएसआरकडे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यायला लावले. पैसा आहे, यात शंका नाही. पण कंपनीला तिच्या कारखान्याच्या आसपासचं काम प्यारं आणि ज्यावर नाव झळकेल अशी वस्तू त्याहून प्यारी. त्यामुळे डायलिसिस यंत्र मिळतं, रुग्णवाहिका मिळते. ते यंत्र चालवणारा तंत्रज्ञ आणि ती गाडी चालवणारा चालक संस्थेनंच पोसायचा. फिलाडेल्फियाच्या कारखानदारानं मिरजेला जे दिलं, तेच आज पुण्याचा किंवा चाकणचा कारखानदार देऊ पाहतो. शिवाय ‘मिशन’ हा शब्द नावात असला की धर्मांतराचा प्रश्न विचारला जातो, आणि रुग्णांची जात-धर्मनिहाय यादी दाखवून तो मिटत नाही, हेही कार्यालयात बसणाऱ्यांना ठाऊक असतं.

मला विचाराल तर अर्ज लिहिणाऱ्यांनी आधी वेल्लोरचा ताळेबंद वाचावा. तिथे आवर्ती खर्चाचा मोठा भार रुग्णालयाच्या स्वतःच्या उत्पन्नावर आहे. सरकारच्या जनआरोग्य योजनेचे दावे वेळेवर भरणं, औषधखरेदी चार रुग्णालयांनी मिळून करणं, सुगीच्या सणाला चर्चमध्ये धान्य-कोंबड्यांच्या लिलावातून येणारी रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत वळवणं, असली कामं प्रस्तावाइतकी देखणी दिसत नाहीत. देणाऱ्याकडे जायचंच असेल तर यंत्र मागू नये. पाच वर्षांसाठी दोन परिचारिकांचा पगार मागावा, आणि सहाव्या वर्षी तो कुठून येणार हे त्याच अर्जात लिहून द्यावं. नकार येईल, बहुतेक वेळा येतोच. होकार देणारा एखादा मात्र दवाखाना कशावर चालतो हे जाणणारा असेल, आणि पुढच्या वर्षीचा अर्ज त्यालाच करावा.