जलविहार करावा, तहान मारून नव्हे

वाचकहो, नर्मदा ही आपल्या नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा. धडगावकडून सातपुड्याचा घाट उतरून भुषा येथे आले की सरदार सरोवराचे पाणी डोंगरांच्या कुशीत पसरलेले दिसते. या जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. मणिबेलीसारख्या गावांची घरे-शेते याच पाण्याखाली गेली, हे स्मरूनच बोटीत पाऊल ठेवावे.

या सहलीला निघणारे ज्येष्ठ रुग्ण एक चूक वारंवार करतात. बोटीत शौचालय नसेल, या धास्तीने ते सकाळपासून पाणी तोडतात. लघवी वाढविणारी गोळीही परस्पर बंद करतात. उन्हात शरीर कोरडे पडते, रक्तदाब उतरतो आणि डुलत्या बोटीत उठताना भोवळ येते. रुग्णालय घाटापलीकडे असताना खुब्याचे हाड मोडणे परवडणारे नाही.

म्हणून गोळीची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. फेरी लहान ठरवावी, चढण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे आणि घोट-घोट पाणी पीत राहावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारात पाण्याची मर्यादा सांगितली असल्यास तीच पाळावी. मधुमेहींनी जेवण चुकवू नये. खिशात साखर ठेवावी. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी मळमळीची गोळी विचारल्याविना घेऊ नये. काही गोळ्यांनी लघवी अडते. लाइफ जॅकेट मात्र सर्वांनीच घालावे.

सोबत जाणाऱ्यांनो, लघवीचा प्रश्न आजी-आजोबांना चारचौघांत नव्हे, हळूच विचारा. संकोच सरला की तहान मारावी लागत नाही.