द्वेषातून घडलेल्या गुन्ह्याला जास्त शिक्षा का?

शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी २०१८ रोजी आणि दौंड तालुक्यातील यवतला १ ऑगस्ट २०२५ रोजी हिंसाचार झाला, तेव्हा हानी जाळपोळ-तोडफोडीपुरती राहिली नाही. कोण कुठल्या समाजाचा हे पाहून हल्ला झाला, की त्या समाजातला प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी बाजारात जाताना बिचकतो. हे जादा नुकसान खरे आहे, म्हणून जादा शिक्षाही न्याय्य आहे. १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याने हे तत्त्व मानलेच आहे: दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेचा गुन्हा दलित-आदिवासी असल्यामुळे त्यांच्यावर केला, तर जन्मठेप. २०१६ पासून तर पीडिताची जात ठाऊक असणेही पुरते.

कायद्याने कृत्य पाहावे, मन नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. पण खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरकही बऱ्याच अंशी हेतूवरच ठरतो. मनात द्वेष असणे गुन्हा नाही; त्यापायी माणूस निवडून मारणे हा गुन्हा आहे. हडपसरला २०१४ साली एका मुस्लिम तरुणाची हत्या झाली. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन देताना, आरोपींचे मृताशी वैयक्तिक वैर नव्हते, ते धर्माच्या नावाने चिथावले गेले, ही बाब त्यांच्याच बाजूची धरली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो आदेश रद्द केला, हे योग्यच झाले. मात्र २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. कलम कितीही कडक असले तरी तपास कच्चा असेल तर ते निरुपयोगी ठरते. शिवाय नव्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी जात, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनाचे वेगळे कलम आहे, पण त्यात धर्माचा स्पष्ट उल्लेख नाही आणि शिक्षा साध्या खुनाइतकीच आहे.